दादाच्या जागेवर

२ सप्टेंबर

पोहोचले एकदाची. एका बॅगेचं चाक तुटलं, बाकी सगळं सामान धड आहे. घरमालकीणबाई विमानतळावर घ्यायला आल्या होत्या. मी न सांगता त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, चेहरा भावाचाच आहे, फक्त केस लांब. मी हसले. दादा गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच.

खोली छान आहे. वरच्या मजल्यावर, खाली बसथांबा आणि कपडे धुण्याचं दुकान. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. दादा व्हिडिओवर दाखवायचा त्यापेक्षा मोठी वाटते. त्याचा निळा मग आणि भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक तसंच आहे. बाईंनी विचारलं, काढून टाकू का? मी नको म्हटलं. वेळापत्रक आता माझंच आहे.

मला लिहायची सवय नाही. तिकडच्या कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं, बोलवत नसेल तर लिहीत जा. दादा एप्रिलमध्ये गेला. हॉस्पिटलमधून परतताना रस्ता ओलांडत होता, गाडीनं उडवलं. त्याला घरी आणलं तेव्हा चेहरा मी पाहिला. आईला पाहवला नाही. त्याच्याबद्दल याहून जास्त अजून लिहिता येत नाही.

आईशी बोलले. पहिला प्रश्न, जेवलीस का. मागून मामा ओरडला की डॉक्टरीणबाई झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. आई हसली. तिचं हसणं ऐकायला मी याहून लांबही गेले असते.

५ सप्टेंबर

कॉलेजच्या कार्यालयातलं काम झालं. सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

इथे डॉक्टरांची वानवा आहे. म्हणून वैद्यकीय शिकणाऱ्याला शिकता शिकताच कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. अट एकच, ठरलेली वर्षं सलग इथे राहायचं. परवाना मिळाला की आईला इथे आणता येतं. म्हणूनच दादा एकदाही घरी आला नाही. आजी गेली तेव्हाही नाही. म्हणायचा, एकदा पाय बाहेर पडला की पुन्हा पहिल्यापासून. त्याचे थोडेच महिने उरले होते.

तो गेल्यावर कॉलेजनं कळवलं की सख्खं भावंड वैद्यकीय शिकत असेल तर त्याला त्याच जागेवर, त्याच फाइलवर पुढे चालू ठेवता येईल. दादाची वर्षंही धरली जातील. आमच्या घरी यावर चर्चा अशी झालीच नाही. मामा म्हणाला, माणूस गेला, फाइल कुठे गेली? आई माझ्याकडे नुसती पाहत राहिली. मी तिकडचं तिसरं वर्ष संपवून नाव काढून घेतलं. ती जागा त्यांनी लगेच दुसऱ्या कुणाला दिली.

कारकून मदत करणारा निघाला. म्हणाला, नवी फाइल म्हणजे नवी रांग, कशाला उगाच? नंबर तोच राहू द्या. ओळखपत्रावर दादाचाच फोटो आहे आणि पुढे ‘पुरुष’. होईल सावकाश दुरुस्त, म्हणाला, तोवर मिशी नाही म्हणून तुम्हाला कुणी अडवणार नाही. मी सही केली.

१७ सप्टेंबर

वर्गात आपली भाषा बोलणारी एकच मुलगी आहे. मास्तरांशीही वाद घालते म्हणून सगळे तिला वकीण म्हणतात. ती दादाची जोडीदार होती, आता माझी. तपासणीच्या तासाला आम्ही दोघी एकमेकींना तपासतो, पोट चाचपतो, छाती ऐकतो.

दादाचं हृदय जन्मापासून उजवीकडे होतं. आतलं सगळंच आरशात पाहिल्यासारखं उलटं. त्यानं तब्येतीला काही होत नाही. आई मात्र चिडली की म्हणायची, हा मेला उलट्या काळजाचाच जन्माला आला. वकीण सांगत होती, तुझा भाऊ म्हणजे आमची फुकटची प्रयोगशाळा. नवे सर आले की त्यालाच पुढे ढकलायचो. सर डावीकडे ऐकायचे, काहीच नाही, आणि त्यांचाच रंग उडायचा. मी पोट धरून हसले. मग तिनं माझी छाती ऐकली. सगळं डावीकडे, जागच्या जागी. म्हणाली, तू अगदीच पुस्तकी निघालीस.

परत येताना बरं वाटलं. इथे दादाबद्दल लोक हसून बोलतात. घरी ते बंदच झालं होतं.

९ ऑक्टोबर

तोंडी परीक्षा झाली. सरांनी मूत्रपिंडाचं असं काही विचारलं जे आम्हाला तिकडे शिकवलंच नव्हतं. मी उत्तर दिलं. कुठून आलं माहीत नाही, आलं खरं. सर म्हणाले, आधीसारखीच तयारी असते तुझी. ते दादाच्या आठवणीनं तसं म्हणाले असतील.

वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला. गेल्या थंडीत तू माझ्याजवळ बसून राहिला होतास, म्हणाल्या, हात अजून तसाच गार आहे तुझा. त्यांना दिसत कमी असावं. मी दुरुस्ती केली नाही. तेवढ्यापुरता दादा कुणासाठी तरी होता, ते कशाला मोडायचं?

आईला मार्क सांगितले. ती म्हणाली, वाटलंच होतं.

२६ ऑक्टोबर

कॉलेजच्या दारावर ओळखपत्र लावलं तर दार उघडेना. पडद्यावर आलं, आपण आत आहात. पहारेकऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, सकाळीच आलात की. मी आत्ताच बसमधून उतरले होते. त्यानं मला बाजूच्या दारानं सोडलं आणि झोप घेत चला असा सल्ला दिला.

यंत्रं बिघडतात. पण घरी आल्यावर बाई म्हणाल्या, दुपारी एवढ्या घाईत कुठे गेलीस, जिना धाड धाड उतरलीस, दोन दोन पायऱ्या सोडत. दुपारी मी वाचनालयात होते.

दादा तसा जिना उतरायचा. आई ओरडायची त्याला.

११ नोव्हेंबर

तपासणीचा तास. वकिणीनं माझ्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, हलवला, परत ठेवला.   मग स्टेथोस्कोप उजवीकडे नेला आणि तिथेच धरून राहिली.

मला म्हणाली, तू मला त्या दिवशी फसवलंस का?

मी तिच्या हातातून घेऊन स्वतः ऐकलं. डावीकडे शांतता. उजवीकडे स्पष्ट ठोके.

हृदय जागा बदलत नाही. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. सरांना सांगायला गेले तर त्यांनी मान वर न करता म्हटलं, हो, तुझं उजवीकडेच आहे ना, मुलांना दाखव की.

दिवसभर वकीण माझ्याशी बोलत होती ती दादाला हाक मारायची त्या नावानं. मी दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा ती चिडली, म्हणाली, काय नाटक लावलंयस.

२० नोव्हेंबर

परवान्याच्या वैद्यकीय तपासणीसाठी छातीचा फोटो काढावा लागतो. काढला. फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञानं तो जुन्या फोटोशेजारी लावला. जुना दादाचा. दोन्हीत फरक नाही. बरगडी मोडल्याची जुनी खूणही तीच. दादा आठवीत झाडावरून पडला होता. मी कधीच पडले नाही.

तंत्रज्ञ खूश. म्हणाला, जुळलं, आता काम लवकर होईल.

२१ नोव्हेंबर

कारकुनाकडे गेले. म्हटलं, मला माझा वेगळा नंबर हवा, मग पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागलं तरी चालेल. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, करता येईल. पण या फाइलला मृत्यूचा दाखला जोडलेला आहे. भावंडं वेगळी करायची तर तो दोघांपैकी कुणाचा, ते ठरवावं लागेल. आमच्याकडे ते हजेरीवरून ठरतं.

मी म्हटलं, हजेरी माझी आहे. सप्टेंबरपासून मीच येते आहे.

त्यानं विचारलं, कुणी पाहिलंय तुम्हाला? मी वकिणीचं नाव सांगितलं. त्यानं माझ्यासमोर तिला फोन लावला. मला तिचा आवाज ऐकू आला. ती म्हणाली, हो, तो रोज येतो.

कारकून म्हणाला, विचार करून सांगा, आज घाई नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी आईला फोन केला. आधी रडलेच. मग म्हटलं, मला घरी यायचंय, इथे दादा आहे.

वाटलं होतं ती घाबरेल, मामाला हाक मारेल.  ती हळूच म्हणाली, माहीत आहे गं मला. रोज सकाळी फोन करतो. पहिल्यांदा वाटलं मला भास होतोय. मग त्यानं विचारलं, आई, गुडघा काय म्हणतो. तेव्हा कळलं की तोच.

मी विचारलं, मग माझं काय?

म्हणाली, तू लहानपणापासून समजूतदार. थोडं सांभाळून घे. आता थोडक्यासाठी त्याचं मोडू नकोस. मी म्हटलं, आई, मी उरणार नाही. तुला कळतंय का मी काय सांगतेय? ती म्हणाली, दूध उतू जाईल, ठेवते.

नंतर परत लावला. व्यस्त होता. ती त्याच्याशी बोलत असणार.

३० नोव्हेंबर

स्टेथोस्कोप आणला आहे घरी. आता उजवीकडेही काही ऐकू येत नाही. डावीकडेही नाही. मनगटाशी नाही, गळ्याशी नाही. मी चालते, लिहिते, तरी नाही.

दुपारी खिडकीतून तो दिसला. बसथांब्यावर. राखाडी जाकीट, एका खांद्यावर बॅग. भर उन्हात, चार माणसांत. वकीण त्याच्याशेजारी हातवारे करत वाद घालत होती आणि तो हसत होता.

जाऊन मिठी मारावीशी वाटली. खरंच. मी सात महिने त्याच्यासाठी रडले आहे. मी जिना उतरून पोहोचले तोवर बस आली. चढताना त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. उशीर झालेला माणूस रस्त्यातल्या ओळखीच्याकडे पाहतो तसं — नंतर बोलू म्हणून.

मी चढायला गेले. चालकानं दार लावून घेतलं. माझ्या अंगावर.

८ डिसेंबर

पासपोर्ट घेऊन विमानतळावर गेले. चालत. तिथल्या कुठल्याच खिडकीनं मान वर केली नाही. एका बाईसमोर उभी राहिले, हाका मारल्या, काचेवर हात आपटले. तिनं माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

पासपोर्ट उघडून पाहिला. फोटोच्या जागी पान कोरं —

घरमालकीणबाई आता खालून त्यालाच हाक मारतात. जेवायला एकच ताट.

१९ डिसेंबर

तो पलंगावर झोपतो. मी टेबलापाशी. दिवसा तो नसतो तेव्हा पलंगावर बसून पाहिलं. चादरीला वळीसुद्धा पडत नाही.

त्याच्याशी बोलले आज. सगळं बोलले. म्हटलं, तू गेलास दादा, मी पाहिलाय तुझा चेहरा. तो बुटाची नाडी बांधत होता. थांबला. खाली पाहूनच म्हणाला, थोडेच दिवस राहिलेत गं.

आईसारखाच बोलला.

१४ जानेवारी

परवाना आला. बाईंनी त्याला मिठी मारली. वकीण मिठाई घेऊन आली, तोंडात घास असतानाच सरकारी नियमांवर भांडत बसली. सगळे हसले.

फोनवर आईचं हसणं. मला इथवर ऐकू आलं. ते ऐकायलाच मी —

माझ्याबद्दल कुणी काही —

२ फेब्रुवारी

पेन धरायला आता दोन्ही हात लागतात. अक्षर उमटतं, मग फिकं होतं. दाबून लिहिते.

आई येणार आहे. मला बघेल. आईला दिसेनच मी. जन्म दिलाय तिनं, तिला कसं नाही —

११ फेब्रुवारी

आली. जिन्यावर तिचा आवाज. पायऱ्या किती उंच रे, म्हणतेय. दादा म्हणतोय, सावकाश.

आत आली. बारीक झाली आहे. खोली पाहिली, खिडकी पाहिली. माझ्यावरून नजर गेली — थांबली नाही. परत आली. क्षणभर थांबली का? थांबली. मला वाटतं थांबली —

पिशवीतून फ्रेम काढली. माझा फोटो. बारावीचा. पदरानं पुसून खिडकीत ठेवला. दादा तिच्या पाठीवरून हात फिरवतोय. ती म्हणतेय, रडत नाही रे मी, दमलेय फक्त. बसते जरा.

खोलीत एकच खुर्ची. मी बसले आहे तीच.

ती इकडे येतेय. आई, इथे मी आहे. आई. गुडघ्यावर हात ठेवून वाकते आहे — कायम उठत आले मी, कुणीही आलं की — आज नाही. मी उठणार ना