वाट अडवणाऱ्या पादुका

॥ श्री ॥

मी, गंगाधर वासुदेव खांबेटे, वय वर्षे ऐंशी, निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार कुरवंडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही; दोन वर्षांपूर्वी कोणी थोडे आणले असते तर बरे झाले असते. यापूर्वी लिहिलेला प्रत्येक मसुदा, विशेषतः गेल्या महिन्यातील, मी रद्द करतो. तो का रद्द करावा लागला हे पाचव्या कलमात सांगितले आहे.

कोणत्याही धर्मकृत्याआधी संकल्प सोडावा लागतो. स्थळ, काळ, गोत्र, स्वतःचे नाव आणि कृत्याचा हेतू मोठ्याने उच्चारून हातावरून पाणी सोडायचे. मृत्युपत्राची रीत याहून फार निराळी नाही. म्हणून येथे मालमत्तेबरोबर हेतूही लिहितो. एकदा तो मी देवासमोर खोटा उच्चारला आहे.

कलम १. कुरवंडे येथील राहते घर माझ्या पश्चात माझी पत्नी चंद्रिका हिच्या मालकीचे राहील व तिच्यानंतर चिरंजीव सुश्रुत आणि कन्या ऋचा यांना समसमान मिळेल. चंद्रिकेच्या हयातीत तिला पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेण्यासाठी कोणी लकडा लावू नये. तिला जायचे असेल तर ती स्वतःच सांगेल. मनातले बोलून दाखवण्यात ती कधी मागे राहिलेली नाही.

कलम २. पोथ्या, छापील ग्रंथ व माझी टिपणे ऋचाला द्यावीत. तिने संस्कृत शिकू नये असे मी कधी म्हटले नाही. पण सुश्रुतला मांडीवर बसवून शिकवले आणि तिला दारातून ऐकावे लागले. सुश्रुत सगळे विसरला, तिला अजून येते. धर्मशास्त्रावरील एक भाष्यग्रंथ माझे मेहुणे सीताराम यांनी वाचायला म्हणून नेला आणि मागितला की "चाळतोय अजून" असे ते सांगत राहिले. तो त्यांना भेट दिला असे समजावे. या कारणावरून मी त्यांच्या नातवाच्या मुंजीला गेलो नव्हतो, हे आता लिहिताना फार क्षुद्र वाटते.

कलम ३. माझी शाल व शिसवी काठी. या दोन्ही वस्तू मला तालुका सल्लागार समितीने जाहीर समारंभात दिल्या. त्यांची विल्हेवाट सांगण्याआधी ही समिती कशाची, हे लिहिणे भाग आहे.

राज्यभर पायवाटा आणि हरितपथ यांचे जाळे विणण्याची एक योजना आली. जुन्या वाटा, कालव्यांचे काठ, घाटांतील बैलांचे रस्ते शोधायचे, त्यांना झाडांची सावली द्यायची, आणि गाडीघोडा नसलेल्या माणसालाही एका गावाहून दुसऱ्या गावी आनंदाने चालत जाता येईल असे करायचे. आमच्या वाट्याला घोरावाडी स्टेशनपासून कुरवंड्याच्या कड्यापर्यंतचा टप्पा आला. पैशाची जुळणी अशी होती की बांधणीचा खर्च सरकार आणि काही कंपन्यांचा समाजनिधी यांतून व्हावा. स्थानिकांचा वाटा म्हणून जमीनमालकांनी पायापुरती पट्टी विनामोबदला, चालण्याच्या हक्कासाठी खुली करून द्यावी. हा वाटा जमला नाही तर त्या टप्प्याचा निधी दुसऱ्या तालुक्याला जाणार होता.

तो जमवण्यासाठी समितीने मला सदस्य करून घेतले. मी गावोगाव गेलो. परंदवडीला तर भर उन्हात बोललो. विहीर खणणे, झाड लावणे, वाटसरूसाठी मार्ग मोकळा करणे यांना आपल्या शास्त्रांत पूर्तकर्म म्हणतात, यज्ञाच्या बरोबरीने त्यांची गणना होते, असे मी सांगत असे. सांगत होतो ते खरेच होते. ऐकून माणसे सह्या करत. त्याबद्दल ही शाल आणि ही काठी.

शाल माझ्या अंगावर शेवटच्या दिवशीही घालू नये. ती धुऊन गरजूला द्यावी, कोणी दिली हे सांगू नये. काठी चंद्रिकेला गुडघ्यासाठी लागते. ती तिच्याकडेच असू द्यावी.

कलम ४. परसातील दत्तपादुका. आमच्या परसामागून, आंब्यांच्या रांगेखालून, कड्याकडे जाणारी जुनी पायवाट होती. माझ्या वडिलांनी जागा घेतली तेव्हाही लोक तिथून जात. योजनेची रेषा आखली गेली ती याच वाटेवरून. म्हणजे गावोगाव जी पट्टी मी मागत फिरलो, तीच पट्टी आता माझ्या दारी मागायला येणार होती.

सुश्रुत म्हणाला, "बाबा, सातबाऱ्यावर रस्ता लागला की जागा मेली. उद्या रिसॉर्टवाला ढुंकून बघणार नाही." मी त्याला रागावलो. पण रात्रभर ते वाक्य माझ्याजवळ राहिले. हा दोष मी त्याच्यावर ढकलत नाही. पट्टी माझ्या नावावर होती आणि लोभही माझाच. वर मी त्या लोभाला सोवळ्याचे वस्त्र नेसवले: बाटल्या टाकणारे, ढणाढणा गाणी लावणारे लोक माझ्या संध्येच्या वेळी अंगणामागून जाणार, हे कसे चालेल?

मोजणीवाले यायचे होते त्याच्या आदल्या दिवशी मी तळेगावच्या पाथरवटाकडून तयार दगडी पादुका आणल्या आणि वाटेच्या मधोमध, उंबराखाली, सिमेंटमध्ये बसवल्या. देवाची प्रतिष्ठा चल असते किंवा अचल असते. चल मूर्ती हलवता येते, अचल हलवत नाहीत. मी ग्रंथ पाहून अचल प्रतिष्ठा केली. अभ्यासाचा असा उपयोग मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेला नाही.

अशा विधीत पत्नीने पतीच्या हाताला हात लावायचा असतो. चंद्रिका ओसरीवरून उठलीच नाही. म्हणाली, "देवाला वॉचमन नेमताय. पगारही देणार नाही. त्यात माझा हात नको."

मी एकट्यानेच संकल्प म्हटला. हेतूपाशी आलो आणि अडखळलो. मग "लोककल्याणार्थ" म्हणालो आणि पाणी सोडले.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले आले. त्यांच्यातल्या प्रमुखाने पादुका पाहिल्या, बूट काढले, हात जोडले आणि आपल्या माणसांना सांगितले, "देवस्थान आहे, रेषा वळवा." तो नमस्कार खराखुरा होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी त्यांच्यासाठी चहा सांगायला आत गेलो.

रेषा वळली ती शेजारच्या श्री. धोंडिबा सखाराम ओव्हाळ यांच्या भातखाचरातून; मोजणीची खुंटी तिथे ठोकली गेली. खाचराचे दोन तुकडे होणार, मधला बांध फुटणार, वरचे पाणी खालच्या तुकड्यात उतरणार नाही, हे भात न लावणाऱ्यालाही दिसत होते. धोंडिबा कुंपणापाशी उभे राहून पादुकांकडे पाहत होते. त्यांचे घराणे छप्पन्न सालापासून बौद्ध आहे. ते म्हणाले, "गुरुजी, द्येव मोजणीच्या आदल्या दिशी उगवला व्हय? माज्या खाचरात भात बी येवढ्या लवकर उगवत न्हाई."

मी हसलो. तेही हसले. पुढच्या ग्रामसभेत त्यांच्या संमतीचा विषय निघाला तेव्हा पूर्तकर्मावर बोलायला मलाच उभे केले गेले, आणि मी उभा राहिलो. टाळ्या झाल्या. सगळे धोंडिबांकडे वळले. "गुरुजींनी मागितलं, आता न्हाई कसं म्हनू," असे म्हणून त्यांनी सही केली. पादुकांचे खरे मी त्यांच्या सहीआधी सांगितले नाही, नंतरही नाही.

हे गुपित कधीच नव्हते. सारे गाव जाणत होते. मला आज जी लाज वाटते ती उघडकीस येण्याची नव्हे. गावकऱ्यांनी मी केलेली फसवणूक ओळखूनही माझा मान राखला, सणावारी पाया पडत राहिले, त्याची आहे. गावातल्या अंबूबाई तर रोज कुंपणाच्या तारेवरून हात घालून पादुकांवर फूल टाकतात. एकदा मी त्यांना विचारले, "अंबूबाई, तुम्हाला ठाऊक आहे ना हे कसे बसवले?" त्या म्हणाल्या, "ठावं हाय की. त्यात द्येवाचा काय गुन्हा?"

माझी आज्ञा अशी: पादुका उखडू नयेत. प्रतिष्ठा खोट्या हेतूने झाली, पूजा मात्र अंबूबाईंनी मनापासून केली आहे, आणि शास्त्राचा कोणताही आधार काढून ती पूजा मोडण्याचा अधिकार मला नाही. पादुका म्हणजे कोणी इथून चालत गेला याची खूण. त्या पुढे करून मी चालणाऱ्यांना अडवले. यापुढे वाट पादुकांना उजव्या हाताला ठेवून, उंबराच्या बगलेने जाईल. कुंपणाची तार काढली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने बूट काढावेत असा फलक कोणी लावू नये. वाट चालण्यासाठी आहे.

कलम ५. परसामागची पट्टी. गेल्या महिन्यातील मसुद्यात मी असे लिहिले होते की ही पट्टी माझ्या मृत्यूनंतर हरितपथासाठी कायमची द्यावी, आणि धोंडिबांना झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून परसाचा पूर्वेकडील तुकडा त्यांच्या नावे करावा. लिहून झाल्यावर मला बरेच हलके वाटले. धोंडिबांना बोलावून मसुदा वाचून दाखवला. मनात कुठेतरी होते की त्यांचे डोळे भरून येतील.

ते शेवटपर्यंत ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तुमी गेल्यावर?"

"हो. मृत्युपत्र तेव्हाच अमलात येते."

"तुमी शंभर वरसं जगा, गुरुजी. पर माजं खाचर ह्या पावसाळ्यात जातंय. त्याला तुमच्या मरनापतुर थांबाय सांगू का?"

आत स्वयंपाकघरात चंद्रिका जोरात हसली. मी रागाने तिकडे पाहिले आणि मग राग धरण्याजोगे माझ्याकडे काही उरले नाही. दानाचा जो पाठ मी गावोगाव दिला, त्यात देणारा जिवंत असतो. मी मात्र मेल्यावरचा मुहूर्त काढला होता: मला काही कमी पडू नये, आणि पुण्यही पदरात पडावे.

दुसऱ्याच दिवशी मी वडगावला वकिलांकडे गेलो. पट्टीवर चालण्याचा कायमचा हक्क सार्वजनिक करणारा दस्त नोंदवला आहे आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद व्हावी असा अर्ज दिला आहे. रेषा मूळ जागी आणावी असे समितीला लेखी कळवले. कारणाच्या जागी "देवस्थान नव्हते, मी केले" एवढेच लिहिले आणि समितीचे सदस्यत्व सोडले. सुश्रुत तेव्हापासून फोन उचलत नाही. त्याच्या आईचा उचलतो.

सबब, ही पट्टी या मृत्युपत्राने कोणालाही देता येत नाही. ती आता माझ्याकडे त्या अर्थाने उरलेली नाही.

पूर्वेकडील तुकड्याबद्दल धोंडिबा म्हणाले, "मला नगं. माजं खाचर सोडलं तर बास झालं." मी आग्रह केला तेव्हा त्यांनी विचारले, "ह्याच्यावर साक्षीदार कोन घालनार?" मी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष घालू नये असे वकिलांचे म्हणणे आहे. "मग मीच घालतो साक्ष," ते म्हणाले. "म्हंजी तुमाला काय देताच येनार न्हाई. उद्या बुद्धपुरणिमा हाय, मी इहारात आसनार. परवा येतो."

कलम ६. माझ्या बँकेतील ठेवी ऋचाच्या देखरेखीखाली राहतील. चंद्रिकेच्या गरजा भागल्यावर उरेल त्या व्याजातून आमच्या परसामागच्या आणि त्यापुढे कड्यापर्यंतच्या वाटेची दर पावसाळ्यानंतर सफाई करावी: गवत कापावे, कोसळलेले दगड बाजूला घ्यावेत, झाडांना आळी करावीत. समितीत बसून एक गोष्ट शिकलो, ती येथे उपयोगी पडावी. वाट बांधायला निधी मिळतो, कारण तिचे उद्घाटन होते. तिच्यावरचे गवत कापायला कोणी निधी देत नाही. हे काम गावातील माणसांना द्यावे व कोठेही माझ्या नावाची पाटी लावू नये. सुश्रुतला यातून काही मिळत नाही. त्याला घरातील अर्धा वाटा आहे, आणि त्याच्याकडे माझे क्षमेचे मागणे आहे: लोभ कसा करावा हे तो मला पाहूनच शिकला असावा.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ऋचाने करावी. माझी उत्तरक्रिया साधेपणाने व्हावी. जो कोणी ती करील त्याने संकल्पातील हेतू सावकाश आणि खरा उच्चारावा. माझ्यासाठी "पुण्यशील" असे काही म्हणू नये. नाव आणि गोत्र पुरेसे आहे.

वरील सर्व मजकूर मी चंद्रिकेला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आता हात लावते." सही करताना तिचा हात माझ्या हातावर होता; अक्षर किंचित हलले आहे ते त्यामुळे, माझी मती हलली म्हणून नव्हे.

स्थळ: कुरवंडे, तालुका मावळ
मंगळवार, वैशाख वद्य प्रतिपदा, शके १९४७ (१३ मे २०२५)

सही: गंगाधर वासुदेव खांबेटे

साक्षीदार १: डॉ. अपूर्वा मुकुंद रानडे, लोणावळा. मृत्युपत्रकर्त्यांनी माझ्यासमक्ष पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार २: धोंडिबा सखाराम ओव्हाळ, कुरवंडे. वाचून दाखवलं ते ऐकलं. सही माज्यासमोर झाली. खाचरातली खुंटी आजून तितंच हाय. निघाली की गुरुजींना येऊन सांगीन.