‘सुखरूप’चा रकाना

४ मार्च, सोमवार

आज सकाळी साडेनऊला रुजू झाले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी नोकरीला लागण्याचा आनंद विसाव्या वर्षाच्या आनंदाहून निर्भेळ असतो, कारण त्यात भवितव्याची चिंता नसते. चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर वाद घालायला घरात कोणी उरले नाही. धाकटा भाऊ म्हणाला, अक्का, तू भिंतींशी वाद घालशील आणि बिचाऱ्या हरतील, त्यापेक्षा कुठेतरी कामाला लाग. म्हणून आले.

आधारगृह दुमजली आहे. बाहेर ‘शिवणवर्ग’ अशी पाटी आहे आणि रस्त्याकडच्या खिडकीत एक शिवणयंत्र. त्याच्या सुईखाली उशीची अर्धवट खोळ कायमची ठेवलेली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावे की शिवणारी आत्ताच उठून गेली. लादलेले लग्न नाकारल्यामुळे, किंवा आपल्या मर्जीने कोणाशी चार शब्द बोलल्यामुळे, ज्यांच्या जिवावर बापभाऊच उठले आहेत अशा मुली येथे राहतात. पत्ता कोणालाही सांगायचा नाही. संचालिका माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, पण सगळे त्यांना ताई म्हणतात, तेव्हा मीही म्हणते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी माझी पेटी उचलताना विचारले की हीत पुस्तके आहेत की विटा; विटा असतील तर मागची भिंत तरी पुरी करून घेऊ.

मला मागची खोली मिळाली आहे. लोखंडी खाट, जाळी लावलेली खिडकी, हिरव्या रेक्झिनचे टेबल, आणि त्यावर वळणदार दोरीचा जुना काळा फोन. माझे काम जबाब लिहून घेण्याचे. जबाबाच्या तळाशी ‘सुसंगत’ किंवा ‘विसंगत’ असा शेरा मारून सही करायची. दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देताना तो शेरा पाहतात. लाल शाईचे पेन मी बरोबर आणलेच आहे. रात्री छान झोप लागेल.

६ मार्च, बुधवार

माझ्या कामाचा दुसरा भाग आज समजला. काही मुली स्वेच्छेने घरी परततात. त्यांच्या घरी दर बुधवारी अकरा वाजता फोन करून चौकशी करायची आणि नोंदवहीतल्या ‘सुखरूप’ या रकान्यात बरोबरची खूण करायची. अशी अकरा घरे आहेत. माझ्याआधीच्या लेखनिक बाई डिसेंबरात अचानक सोडून गेल्या. तोपर्यंतच्या त्यांच्या खुणा एकसारख्या, एका मापाच्या आहेत; मधल्या काळातल्या ताईंनी केल्या. शिस्तीचे हस्ताक्षर पाहिले की मला त्या व्यक्तीविषयी आदर वाटतो.

अकराही फोन पहिल्या घंटेला उचलले गेले. मी विचारले, तू बरी आहेस ना? प्रत्येकीने तेच उत्तर दिले: ‘मी सुखरूप आहे. काळजी नसावी.’ हल्लीच्या मुलींच्या तोंडी पत्रातल्यासारखी घोटीव वाक्ये ऐकून मला आनंद झाला. सगळ्यांचे शब्द एकच कसे, असा प्रश्न मनात आला खरा. आधीच्या बाईंनीच ते वाक्य शिकवले असणार. आवाजही मिळतेजुळते वाटले, पण फोनची तार जुनी आहे.

९ मार्च, शनिवार

नवी मुलगी आली. वय एकोणीस, हातात कापडी पिशवी, पिशवीत शाळेचा दाखला आणि एक कंगवा. एका चपलेचा पट्टा तुटलेला. मावशींनी काळ्या जाड दोऱ्याने तो तिथल्या तिथे शिवून दिला आणि म्हणाल्या, घे, आता ही चप्पल तुझ्याहून टिकेल. सगळे हसले, मुलगीही.

वडिलांच्या वयाच्या नातेवाइकाशी तिचे लग्न ठरले आहे. तिने नाही म्हटले. भावाने चारचौघांत सांगितले की घराण्याला खाली मान घालायला लावणारी मुलगी आम्ही घरात ठेवत नाही, आणि बाहेरही ठेवत नाही. जबाब देताना ती फार पुढेमागे जाते. आधी म्हणाली भावाने गुरुवारी मारले, मग म्हणाली मंगळवारी. दार कडी लावून बंद होते म्हणते, मग त्याच दारातून पळाले म्हणते. मी प्रत्येक ठिकाणी थांबवून विचारले, म्हणून तू कोणता निष्कर्ष काढलास? म्हणून नक्की काय घडले? शेवटी मावशींकडे वळून ती म्हणाली, या म्हणूनबाई मला पास करणार आहेत की नापास? नाव चिकटले. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरूनही ऐकू येऊ लागले. मला राग आला नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी याहून वाईट नावे ठेवली होती.

११ मार्च, सोमवार

जबाब पुन्हा घेतला. आज मुख्य गोष्ट बाहेर आली. तिची थोरली बहीण अशाच लग्नातून सुटण्यासाठी दोन वर्षांपूर्वी याच आधारगृहात आली होती, मग आईच्या शब्दावर घरी परतली. चौदा महिन्यांपूर्वी घरच्यांनी तिला संपवले, असे ही सांगते. प्रेत पाहिले का, विचारले, नाही. कोणी कबूल केले का, नाही. मग कशावरून? म्हणाली, आई तेव्हापासून तिचे ताट वाढत नाही.

मी नोंदवही काढली. थोरली सहाव्या क्रमांकावर आहे. या चौदा महिन्यांत एकही खूण चुकलेली नाही. गेल्या बुधवारची खूण तर माझ्या हातची आहे. मी स्वतः तिच्याशी बोलले आहे. एक बाजू ताटाची, दुसरी बाजू माझ्या कानाची. भीतीपोटी माणूस अतिशयोक्ती करतो, त्यात दोष नाही. पण जबाब म्हणजे सहानुभूती नव्हे. तळाशी लाल शाईने ‘विसंगत’ लिहिले आणि सही केली.

१३ मार्च, बुधवार

सहाव्या घरी मुद्दाम जास्त वेळ फोन धरला. विचारले, तूच थोरली ना? ‘मी सुखरूप आहे. काळजी नसावी.’ इतके स्पष्ट.

दुपारी मुलीला सांगितले की तुझी बहीण जिवंत आहे, मी आज बोलले. तिने शब्द न् शब्द विचारून घेतला. मग म्हणाली, माझी ताई ‘काळजी नसावी’ म्हणेल? ती फोन ठेवताना ‘जा मर’ म्हणायची, आणि तेही लाडात असली तर. मला ऐकवा तिचा आवाज. नियमाप्रमाणे मुलींना फोनजवळ येऊ देता येत नाही; मी नाही म्हटले. घरी परतल्यावर माणसाची भाषा बदलते, असेही सांगितले. ती बराच वेळ माझ्या लाल पेनाकडे पाहत राहिली. मग उठून गेली. आज कोणी मला म्हणूनबाई म्हटले नाही.

१५ मार्च, शुक्रवार

दंडाधिकाऱ्यांनी संरक्षणाचा अर्ज फेटाळला. कारण एका ओळीत: जबाब विसंगत. त्यांच्या कार्यालयाने घरच्यांना कळवले होते. आई तिथल्या बाकावर बसलेली होती. किरकोळ बाई, पदराचे टोक मुठीत घट्ट. मला म्हणाली, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा, आईपाशी लेकीला भय असते का?

मुलगी आईबरोबर घरी जाते म्हणाली. तसे स्वेच्छापत्र लिहून घेण्यापूर्वी मुलीला एकटीला तीन प्रश्न विचारायचे असतात. कोणी धमकावले आहे का? निर्णय तुझा आहे का? पुन्हा येथे येता येईल, हे माहीत आहे का? तिने तिन्ही उत्तरे पूर्ण वाक्यांत, सरळ, एकदाही न अडखळता दिली. पुढेमागे नाही, खाडाखोड नाही. आठवडाभरात तिचे हे पहिले निर्दोष निवेदन. मी ‘सुसंगत’ लिहिले.

येथे येऊन पिशवी घेतली आणि ती गेली. पायांत त्याच चपला. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मावशी पाहत होत्या. मग आत येऊन त्यांनी पिठाचा डबा उगाचच दोनदा उघडला, दोनदा बंद केला.

२० मार्च, बुधवार

आज बारा फोन. बारावा तिचा, क्रमांक थोरलीचाच, एकच घर. सहावा फोन झाला, पुढचे झाले, मग तोच क्रमांक पुन्हा फिरवला. पहिल्या घंटेला उचलला. ‘मी सुखरूप आहे. काळजी नसावी.’

तो तिचा आवाज नव्हता. तिचा आवाज मला माहीत आहे, दोन जबाब मी ऐकून लिहिले आहेत. हा सहाव्या क्रमांकाचा आवाज होता. मी पहिल्या घरी पुन्हा फोन केला, तिसऱ्या, नवव्या. नीट ऐकले, तारेला दोष न देता. बाराही फोनांवर एकच बाई बोलते.

सहावा क्रमांक पुन्हा फिरवून मी विचारले, तू कोण आहेस? अगदी हलक्या, चौकशीच्या सुरात तिने विचारले, ‘म्हणून?’

माझे हे नाव त्या घरात एकीलाच माहीत आहे.

२२ मार्च, शुक्रवार

ताईंना सांगितले. म्हणाल्या, आधीच्या बाईंनीही हेच सांगितले होते, डिसेंबरात. मी विचारले, मग? म्हणाल्या, मग काय, बाई? आपल्याला त्या घरांत पाऊल टाकायचा अधिकार नाही. फोनवर कोणीतरी सुखरूप म्हणते, एवढेच आपल्या हातात आहे. ते थांबले तर वरच्या मजल्यावरच्या सात जणींना मी काय तोंड दाखवू?

तरीही त्यांनी ओळखीच्या हवालदारबाईंना गळ घातली. बुधवारी पत्त्याची तपासणी या निमित्ताने त्या दोघी बहिणींच्या घरात बसतील, फोनजवळ.

२७ मार्च, बुधवार

बाराही फोन केले. बाराही उचलले. तेच.

दीड वाजता हवालदारबाई आल्या. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मलाच विचारले, बाई, तुम्ही फोन केला का नाहीत? फोन त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. साडेअकरापर्यंत एकदाही वाजला नाही. बाप आणि भाऊ समोर बसून त्यांना पाण्याचा आग्रह करत होते. दोन्ही मुली बाहेरगावी नातेवाइकांकडे आहेत, म्हणाले.

आई कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. सव्वाअकराच्या सुमारास तिचे हात थांबले. ओठ हलू लागले. हवालदारबाईंना वाटले, देवाचे नाव घेते आहे. जवळ वाकून ऐकले. वाक्य त्यांनी मला सांगितले नाही, मीच त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. मग आईने पुन्हा घडी घालायला घेतली.

आणि दाराशी चपला होत्या. एकीचा पट्टा काळ्या जाड दोऱ्याने शिवलेला. बाहेरगावी गेली. अनवाणी?

मावशी दारात उभ्या होत्या. चप्पल टिकली, एवढेच म्हणाल्या.

२८ मार्च, गुरुवार

नोंदवही उघडली. काल मी एकही खूण केली नव्हती — पेनाला हात लावला नव्हता. कालच्या तारखेपुढे बारा खुणा आहेत. लाल. माझ्या हाताचे वळण.

आज गुरुवार. अकराला फोन वाजला. उचलला नाही. वाजत राहिला — बारा वेळा थांबला, बारा वेळा वाजला.

त्या मुलीने खरे सांगितले होते. गुरुवार की मंगळवार — रोज मारले तर कोणता वार सांगणार? खरे सांगणारीच अडखळते. न अडखळता जे बोलते ते — चौतीस वर्षे मी उलट शिकवले.

२९ मार्च, शुक्रवार

एकच काम उरले आहे. दंडाधिकाऱ्यांना लिहायचे: शेरा चुकीचा, जबाब खरा, विसंगती नोंदवहीत होती. एवढे पत्र गेले तर घराची झडती होईल. निदान दोघी सापडतील — निदान मातीला —

लिहायला बसले. तीन मसुदे फाडले. मनात मजकूर स्पष्ट आहे, कागदावर दुसरेच —

सकाळी भावाचा फोन. कशी आहेस, अक्का? मी सांगणार होते. तो हसून म्हणाला, वा, किती छान बोलतेस, अगदी पत्रासारखे. मी काय बोलले?

३० मार्च, शनिवार

ही वही माझी आहे. येथे तरी लिहिता येईल. येथून फाडून पाठवीन.

त्या मुलीचा जबाब खरा होता. तिची थोरली बहीण चौदा महिन्यांपूर्वी —

पुन्हा.

तिची बहीण मेली आहे. धाकटीला मीच, माझ्या सहीने, त्या घरी — ती आता —

हात दुसऱ्या हाताने धरला आहे. लवकर.

मावशी दारात. विचारतात, बाई, ओरडलात का, बऱ्या आहात ना? तोंड उघडू नये. लिहावे. त्या मुलीला मी ठार — मी सुखरूप आहे. काळजी नस