सेनापतीची अंडी

प्रिय पेई-यिन,

आधी चांगली बातमी: तुझा सेनापती वाचला. आत्ता गच्चीवर मिरचीच्या झाडाला धरून ऊन खातोय. खातोय नव्हे, खातेय. तुझा सरडा बाई आहे, पोरी! दुकानदाराने नर म्हणून तुझ्या गळ्यात घातला, तू त्याचं नाव सेनापती ठेवलंस आणि लग्न करून तैपेईला गेलीस. मागे आम्ही दोघं त्याला रोज विचारायचो, "काय सेनापती, आज कुणावर स्वारी?" ती बिचारी सगळं ऐकून घेत होती. गेल्या आठवड्यात तुझे फोन मी उचलले नाहीत, त्याचं एक कारण हे आजारपण होतं.

सुरुवातीला आम्हाला काही कळलंच नाही. अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटले, पोट सुटलं. तुझे बाबा म्हणाले, "सेनापतींना आपलं चियायी गाव मानवलंय हो!" मग तिने नाकतोड्यांकडे बघणंसुद्धा सोडलं. फांदीवर चढणारी ती पिंजऱ्याच्या तळाशी भिरभिरायला लागली, कोपरे उकरायला लागली. आणि एका सकाळी मी सोयादुधाचा गाडा लावून परत आले तर डोळे मिटून पडलेली. दिवसाढवळ्या! हातावर घेतलं तर पंजात पकडच नाही. मी तशीच एप्रनवर निघाले.

आपल्या इथे सरडे बघणारी एकच डॉक्टर, त्साई नावाची, तुझ्याच वयाची मुलगी. तिने फोटो काढून दाखवला. पोटात द्राक्षांसारखी अंडीच अंडी, आणि हाडं इतकी फिकी की दिसेनात. ती म्हणाली, "मावशी, नर नसला तरी या अंडी धरतात. हिला ती घालायला जागाच मिळाली नाही. आणि अंगात कॅल्शियम नाही. तुमचा पिंजऱ्यातला दिवा कधीचा आहे?" मी म्हटलं, पेटतो की अजून. तर म्हणे नुसता उजेड पडतो, हाडांना लागतात ते किरण कधीच संपले. उद्या संध्याकाळपर्यंत अंडी पडली नाहीत तर पोट कापावं लागेल. खर्च ऐकून मी खुर्चीवर बसले. तुझ्याकडे यायच्या तिकिटासाठी आणि तुला बाळंतपणात खाऊ घालायच्या कोंबड्यांसाठी डब्यात जमवलेले सगळे पैसे घातले असते तरी निम्मेसुद्धा भरले नसते. ती समजली. म्हणाली, "आज इंजेक्शन देते. नवा दिवा जमेल तेव्हा घ्या, तोवर सकाळचं ऊन द्या, मध्ये काच नको. आणि ओली वाळू द्या, खोल. चांगली खोल."

वाळू तुझ्या बाबांनी आणली, कोपऱ्यावरच्या बांधकामावरून मागून. त्या दुखऱ्या कंबरेने धुतली आणि चाळली, आणि कशातून चाळली? माझ्या सोयादुधाच्या फडक्यातून! मी ओरडले तर म्हणे, "बाळंतिणीला खडा टोचायला नको." मासेवाल्याकडून थर्माकोलचं खोकं मिळालं. ते वाळूने भरून पिंजऱ्यात ठेवलं आणि पिंजऱ्यावर चादर टाकली. डॉक्टरने बजावलं होतं, बघायचं नाही. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खड्डा अर्धा टाकून देते.

पेई-यिन, तू मला ओळखतेस. मी चादर उचलली. ती खणत होती, मला पाहिलं आणि थांबली. थोड्या वेळाने पुन्हा उचलली. पाणी हवं असेल, म्हणून. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा मी चादरीला हात घातला तेव्हा तुझे बाबा स्कूटरची किल्ली घेऊन उभे. "चल. तू समोर असलीस की मला शिंकायचासुद्धा धाक वाटतो, ती काय अंडी घालणार!" मी चिडले, पण गेले. भर दुपारी टर्की-कोंबडीचा भात मिळतो त्या दुकानात बसलो. मी नुसती घड्याळाकडे बघत होते. एरवी मूग गिळून बसणारा माणूस, माझ्या ताटातलं उचलून खाता खाता मला ट्रक चालवायच्या दिवसांतल्या गोष्टी सांगत राहिला, मी उठू नये म्हणून.

परत आलो तेव्हा वाळू सपाट केलेली, जणू कुणी तळहाताने थापून ठेवलीय. ती खालच्या फांदीवर, नाकाला ओली वाळू, पोट अगदी आत गेलेलं. पानावरून पाण्याचे थेंब घेत होती, एकामागून एक. मी रडले, ते तुझे बाबा तुला सांगतीलच. अंडी त्यांनी जुन्या चमच्याने काढली. त्यातून काही निघायचं नव्हतं, तरी ती मिरचीच्या कुंडीत पुरताना त्यांनी टोपी काढली होती.

आता रोज सकाळी तिला गच्चीवर नेतो. कॅल्शियमची भुकटी लावलेले नाकतोडे खाते. हाडं भरायला वेळ लागेल, मागचा एक पाय वाकडाच राहील म्हणतात. पण काल तिने माझं बोट असं घट्ट धरलं की सोडवताना मीच घाबरले.

पोरी, तुझा निरोप ऐकला होता. "आई, बाळंतपणानंतरचा महिना तू येऊ नकोस, आम्ही दोघं करू," असा. फोन न उचलण्याचं दुसरं कारण ते. बोलले असते तर भांडले असते, आणि भांडून आले असते. आता येत नाही. तिळाचं तेल आणि आलं पार्सलने पाठवलंय, कोंबडी कशी शिजवायची ते जावयांना फोनवर सांगितलंय. ते लिहून घेत होते, बिचारे. जेव्हा बोलवावंसं वाटेल तेव्हा बोलाव, महिन्याने, नाहीतर वर्षाने. बाळ झालं की फक्त त्याचा आवाज ऐकव. त्याला दूध पुरतं का, रात्री उठतं का, काही विचारणार नाही. फक्त एक विचारेन, तू जेवलीस का? तेवढं मला चालवून घे.

तुझीच,
आई