तिसऱ्यांदा विचारल्यावर

२२ जून, रविवार

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे. सर्दी होती, ती गेली. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना सांग, पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीतच असतो, अंघोळीच्या वेळी समोर खुंटीवर.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी गप्प होते. औषधांच्या दुकानवाल्यांच्या मुलासाठी इथून घड्याळ आणायला सांगितलंस आणि मी परतले की लगेच लग्नाची तारीख धरायची म्हणालीस, त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी इथलं.

आमच्या या सहलीला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात. देवाण म्हणजे आम्ही कुठल्यातरी सभागृहात तीच तीन गाणी म्हणायची, आणि घेवाण म्हणजे त्यांनी टाळ्या वाजवायच्या. सगळ्यांना नारिंगी टी-शर्ट दिलेत. पाठीवर हाताचे दोन पंजे छापलेत; दुरून पाहिलं तर प्रत्येकीला कुणीतरी धपाटा घातलाय असं वाटतं. आमच्या पुढारीणबाईंना मुली 'शिट्टी' म्हणतात, कारण गळ्यातली शिट्टी त्या रस्ता ओलांडतानाही वाजवतात. यजमान कुटुंबं पहिल्यांदा भेटली तेव्हा सगळ्या मुली रडल्या. खोटं नको, सगळ्या नाही. दोघी रडल्या आणि बाकीच्यांनी त्यांचे फोटो काढले.

माझ्या वाट्याला आलेल्या बाई दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडतात आणि त्यांचा नवरा बस चालवतो. घर नीटनेटकं, पण माणसं कोरडी. पहिल्याच जेवणात बाईंनी विचारलं, अजून वाढू का? मी रीतीप्रमाणे म्हणाले, नको. त्यांनी मान हलवली, भांड्यावर झाकण ठेवलं आणि भांडं फ्रिजमध्ये गेलं. दुसऱ्यांदा विचारायचं नाव नाही! मी ताटाकडे बघत बसले. खोलीत येऊन दार लावलं आणि तू दिलेला डबा उघडला. असं चारपाच दिवस चाललं. डबा संपला. मनात म्हटलं, काय ही माणसं, पाहुणी उपाशी उठते आणि यांना काही वाटत नाही. आपल्याकडे कुत्र्यालासुद्धा दोनदा यू यू करतात.

माझी पहिली शाळा म्हणजे तुझा ओटा. बाराखडीच्या आधी तू मला हे शिकवलंस: पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा जरा हळू नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. पहिल्यालाच हो म्हणते ती हावरी. आणि वाढणारीने पहिल्या नकोवर थांबायचं नाही, थांबते ती कद्रू. मी हे इतकं पाठ केलं होतं की दुसरं काही असू शकतं असं मला वाटलंच नव्हतं.

आता सेवेचं सांगते. सकाळी आम्ही एका वृद्धाश्रमात जातो. सेवा म्हणजे म्हाताऱ्यांना भरवायचं, केस विंचरायचे आणि निघताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा. एका आजोबांचे केस आमच्यातल्या तिघींनी पाठोपाठ विंचरले. केस म्हणजे काय, कानामागे होते तेवढे. ते बिचारे डोळे मिटून बसले होते. शिट्टीबाई म्हणाल्या, बघा किती सुखावलेत.

मी या सगळ्यांपासून स्वतःला वेगळी समजत होते. मी फोटो काढत नव्हते. मला खिडकीजवळची एक आजी दिली होती. ती पूर्वी एका शाळेची मुख्याध्यापिका होती, म्हणून तिथे सगळे तिला हेडबाई म्हणतात. हात कापतो, पण नजर अशी की आपल्या वेणीतला सुटलेला केसही तिला दिसावा. तिथली माणसं तिला एकदाच विचारत, हवं का? ती नाही म्हणाली की वाडगा उचलत. मला त्यांचा संताप यायचा. म्हटलं, पगारी माया अशीच असायची.

परवा हेडबाई सूप नको म्हणाली. मी हसून चमचा पुढे केला. ती पुन्हा नको म्हणाली, जरा हळू. मला वाटलं, जमलं! मी लाडाने म्हटलं, एवढा एकच, माझ्यासाठी. अगदी तुझ्या आवाजात म्हटलं, आत्या. तिने तोंड घट्ट मिटलं. मी चमचा ओठाला लावला.

तिने कापऱ्या हाताने वाडगा धरला आणि शांतपणे माझ्या मांडीवर ओतला.

सूप कोमट होतं, भाजलं वगैरे नाही. खोलीत सगळे बघायला लागले. शिट्टीबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, वय झालंय, मनावर घेऊ नकोस. हेडबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला कळावं म्हणून तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "तू या बाकीच्या मुलींपेक्षा वाईट आहेस. त्या निदान फोटो काढून जातात."

मी म्हटलं, मला वाटलं तुम्हाला हवंय, पण तुम्ही संकोचताय.

ती म्हणाली, "माझं 'नको' तुला ऐकू आलं होतं. तू त्याचा अर्थ लावत बसलीस. माझ्या तोंडातलं मला ठरवू दे."

मी टी-शर्ट धुतला आणि ओल्यानेच घरी आले. दाताच्या दवाखान्यातल्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, भूक लागलीय? मी पहिल्यालाच हो म्हणाले. त्यांनी ताट भरून दिलं. कुणी मला हावरी म्हणालं नाही. बसवाले काका म्हणाले, बरं झालं, आम्हाला वाटायचं तुला आमच्या घरचं आवडतच नाही. ही तर रोज कमी कमी शिजवायला लागली होती. मी इतके दिवस यांना कोरडी म्हणत होते. ती माणसं फक्त माझं ऐकत होती.

तेव्हापासून ते एकच डोक्यात आहे, आत्या. रागावू नकोस. रागावलीस तरी पुढचं वाच.

त्या स्थळाबद्दल तू मला ओट्यापाशीच विचारलंस. मी नको म्हणाले. तू काकूला म्हणालीस, लाजतेय. रात्रीच्या जेवणात परत विचारलंस. मी परत नको म्हणाले, पण हळू, कारण बाबा बसले होते आणि दुसरं नको हळूच म्हणायचं असतं. मग मुलाकडची माणसं घरी आली. सगळ्यांसमोर तू तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या नकोसाठी तू मला काही शिकवलंच नव्हतंस. तुम्ही पेढे वाटले. मुलगा वाईट नाही, मला माहीत आहे. सूपही वाईट नव्हतं.

या आग्रहाला आपण माया म्हणतो. मला आता त्याची शिसारी येते. कोण किती वेळा नको म्हणालं ते मोजायचं, आणि तो थकला की म्हणायचं, बघा, हवंच होतं. मी स्वतः हे एका म्हातारीला केलं, म्हणून सांगते. भरवणाऱ्याला फार छान वाटतं त्यात.

तुझ्यावर माझा जीव आहे. तुझ्याकडूनच लिहायला शिकले, म्हणून हे तुलाच लिहिते, बाबांना नाही. मी घड्याळ घेतलेलं नाही. तू त्यांच्याकडे निरोप पाठव. तुला जमणार नसेल तर मी आल्यावर स्वतः त्यांच्या दुकानात जाऊन सांगेन.

मी गप्प बसले होते. ताट पुढे केलं नव्हतं.

नको.

तुझीच,
ओट्यावरची विद्यार्थिनी