खुराडे, स्टार्टर आणि सासूबाई

मंगळवार, ९

ट्रॅक्टर मेला! किल्ली फिरवली — गप्प. ना घरघर, ना कुरकुर, दिवासुद्धा लागेना. एवढी शांतता या घरात सासूबाई झोपल्यावरही नसते, त्या घोरतात.

सासूबाईंनी लगेच शेडमध्ये खुर्ची टाकली. वय चौऱ्याहत्तर, पण या ट्रॅक्टरच्या सीटवर दुसऱ्या कोणाला बसू दिलेले नाही. मला म्हणाल्या, “बघ गं शास्त्रीणबाई, तुझ्या पोथ्यांत यावर काही उतारा आहे का!” शाळेत इतकी वर्षे संस्कृत शिकवले, त्याचे हे फळ. मिस्त्री परगावी गेलेला. आमच्या ह्यांना गियर नुसता दिसला तरी घाम फुटतो. उरले कोण? मी. आणि खालच्या पट्टीची नांगरट तर या आठवड्यात व्हायलाच हवी.

खरे सांगायचे तर ट्रॅक्टर मेल्याचे घरात कोणालाच फारसे सुतक नाही. गेल्या गुरुवारी सासूबाईंनी रिव्हर्स घेताना कोंबड्यांचे खुराडे भुईसपाट केले. खुराड्याशेजारी मी उभी होते. वेळेवर उडी मारली म्हणून आज हे लिहिते आहे. वर मलाच ऐकवले, “तू मध्ये कशाला कडमडलीस?” कोंबड्या वाचल्या. अंडी मात्र तेव्हापासून बंद!

आता पुरे, खाली उतरा — हे त्यांना सांगणार कोण? सासूबाईंना तोंडावर ‘नको’ म्हणायची या घरात रीतच नाही.

बुधवार, १०

प्रथम बॅटरी. भरलेली, ठणठणीत. मग तिच्यापासून ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला जाणारी जाड पट्टी पाहिली — लोंबत होती! बोल्ट सुटलेला नव्हे, सोडलेला. कागदात छान गुंडाळून सीटखाली ठेवलेला. चोरी करतानाही घडी घालणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. मी त्याच्याशी लग्न केले.

जेवताना विचारले. ताटातच बघत म्हणाले, “आईच्या काळजीपोटी गं.”

“मग आईंना तोंडाने सांगा की!”

“तू सांग ना. तुला शब्द सुचतात.”

बोल्ट बसवताना सासूबाईंचा पहारा होताच. पाना मागितला तर सगळे पाने माझ्यापुढे ओतले. “आकडे तूच वाच. शिकलेली ना तू!” हा टोमणा खाऊनही बोल्ट आवळला.

गुरुवार, ११

दिवा लागला! किल्ली फिरवली. स्टार्टर ढिम्म.

पूर्वपक्ष संपला, आता उत्तरपक्ष. किल्लीकडून स्टार्टरच्या स्विचला येणारी बारीक तार हाताने चाचपत गेले. टोक उपसलेले, आणि त्यावर गुलाबी चिकटपट्टी. गुलाबी! वन्सं अशीच पट्टी भेटवस्तूंना लावतात. रविवारी त्या येऊन गेल्या होत्या. शेडमध्ये ‘हवा खायला’ गेल्या होत्या, आत्ता आठवले.

फोन केला. “वहिनी, आईला सांगू नकोस हं! आणि दादालाही.”

म्हणजे बहीण-भावाने एकमेकांना न कळवता एकाच ट्रॅक्टरचा गळा दाबला. काय ही मातृभक्ती!

शुक्रवार, १२

तार जोडली. किल्ली फिरवली — “टक!” एवढेच. पुन्हा — “टक!” धूर तिथे अग्नी, हे आम्ही शिकलो होतो. टक तिथे काय, हे कोणी शिकवले नाही.

ढकलून पाहिले. ट्रॅक्टर हलला नाही. ह्यांची कंबर हलली.

शेवटी स्टार्टरच उतरवला. काय ते धूड! सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “मी तो डोळे मिटून खोलत असे.” त्यांची ही बढाई आता पाठ झाली आहे. मी डोळे उघडे ठेवून खोलला. मोटरीला वीज पोचवणारे चार कार्बन तिथे असायला हवेत. झिजले असतील असे वाटले होते. झिजले नव्हते — नव्हतेच! चारही खण रिकामे.

ह्यांना धरले. “देवाशप्पथ, माझा फक्त बोल्ट!” वन्सं म्हणाल्या, “अगं, स्टार्टर कुठे असतो तेसुद्धा मला ठाऊक नाही.” दोघांनाही खोटे नीट बोलता येत नाही, तेव्हा खरेच असणार. मी तर नव्हेच. उरल्या कोंबड्या. त्यांच्याकडे सबळ कारण आहे.

शनिवार, १३

सासूबाई आज शेडकडे फिरकल्या नाहीत. डोके दुखते म्हणाल्या. त्यांना डोकेदुखी? आजवर ती त्या इतरांना देत आल्या.

रविवार, १४

मी चूल पेटवत होते. सासूबाई जवळ आल्या आणि चष्म्याची डबी माझ्या तळहातावर उपडी केली. चार कार्बन.

“बसव. आणि यापुढे तूच चालव. मी बांधावर बसून ओरडेन.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“त्या दिवशी तू मला दिसलीच नव्हतीस गं.”