भट्टीची धग

दादा,

भट्टी सोडून बेकरीच्या काउंटरवर बसतो म्हणालो, तर तू सगळ्यांसमोर हसलास. "तिथे बायका बसतात," म्हणालास. खरं कारण ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

माझे रिपोर्ट आलेत. पुरुषी हार्मोन आणि शुक्राणू, दोन्ही कमी आहेत. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचं नंतर बघू. आधी धगीपासून लांब राहा, झोप पुरी करा, पोट उतरवा. जिमवाल्याचं हार्मोनचं इंजेक्शन तर मुळीच नको, त्याने मूल होण्याची उरलीसुरली आशाही जाईल.

माझ्याआधी त्याच भट्टीपुढे तू उभा असायचास. वहिनीने वर्षानुवर्षं सुया टोचून घेतल्या, आईचे टोमणे खाल्ले, तरी पाळणा हलला नाही. तूही तपासून घे, असं तुला कुणी म्हटलंच नाही.

तू चिडशील याची भीती नाही. हे पत्र वहिनीच्या हाती लागेल, याची आहे.

तुझा धाकटा