नऊ सेन्सर आणि एक केबल

बाबा, तू गेलास त्याला चौदा वर्षं झाली. सूर्यमाळला आपल्या घराला कुलूप आहे. पाऊस मोजायला तिथे आता आपोआप चालणारं यंत्र बसवलंय, त्यामुळे सकाळी साडेआठला कुणी घराबाहेर पडत नाही. तू मात्र रोज जायचास. नरसाळ्याखालची बाटली काढायचास, पाणी मापाच्या ग्लासात ओतायचास आणि डोळा पाण्याच्या रेषेला येईपर्यंत गुडघ्यांवर वाकायचास. मग वहीत आकडा. तुला अक्षरं जेमतेम यायची, पण आकडे छापल्यासारखे काढायचास.

एकदा तुला ताप भरला म्हणून तू मला पाठवलंस. मी दहा वर्षांची असेन. बाहेर धुकं एवढं की कुंपणसुद्धा दिसत नव्हतं. मी अर्ध्या वाटेवरून परत आले आणि वहीत बेचाळीस लिहून टाकलं. दुपारी तू घोंगडी पांघरून बाहेर गेलास. बाटली भरलेलीच. परत येऊन चुलीपाशी बसलास. मी भाकरी थापतेय, आणि तू माझ्याकडे न बघता विचारतोस, "पावसाला तू इचारलंस का? त्यानं सांगितला बेचाळीस?" मी रडायला लागले. तू वही उघडून माझ्या आकड्यावर एकच रेघ मारलीस, खालचा आकडा दिसेल अशी, आणि शेजारी खरा आकडा लिहिलास. मी म्हटलं, खोडून टाक ना सगळं. "नाय. चुकला ता दिसू दे," म्हणालास.

मी काय काम करते ते तुला कधी सांगितलंच नाही. आमच्याकडे धातूची एक बंद पेटी असते. तिच्यातली हवा काढून थोडा वायू सोडायचा आणि रेडिओलहरींची वीज द्यायची, की तो वायू जांभळा पेटतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यानं काचेवर, चिपच्या चकत्यांवर केसाहूनही पातळ थर चढवतात. पण हा पेटलेला वायू सारखा बदलत असतो. कधी वीज घेतो, कधी आल्या वाटेनं परत पाठवतो. ती परत फिरू नये म्हणून मध्ये एक जुळणीची पेटी लागते. आत विजेचा दाब किती, प्रवाह किती, दोन्ही एकमेकांच्या किती मागेपुढे चाललेत, हे त्या पेटीला सेन्सर सांगतो. तो खरं सांगतो की नाही, हे मी तपासते. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा विजेचा भार जोडायचा आणि सेन्सर तेच उत्तर देईपर्यंत त्याला दुरुस्त करत राहायचं.

गेल्या वर्षी आमच्या एका गिऱ्हाइकाकडे थर वाकडेतिकडे बसायला लागले. जुळणीच्या पेट्या बसवून आलेल्या आमच्या तंत्रज्ञावर ठपका आला. त्याला घरी बसवलं. दोन दिवसांनी मी तपासणीच्या टेबलावरची केबल गुंडाळत होते आणि हात थांबला. जुनी खराब झाली म्हणून ही मीच बदलली होती. ही त्या जुनीहून वीतभर जास्त लांब होती. केबल लांब झाली की दाब आणि प्रवाह किती मागेपुढे आहेत ते चुकीचं दिसतं, आणि ती लांबी मी हिशेबात घेतलीच नव्हती. शेवटची तपासणी घाईत फक्त साध्या भारावर केली होती, तिथे ही चूक दिसतच नाही. प्लाझ्मावर दिसते. असे नऊ सेन्सर माझ्या सहीनं बाहेर गेले होते.

सहा दिवस मी गप्प बसले, बाबा. सातव्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, जोडणी बरोबर होती. चूक माझी आहे."

"तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

त्यांनी तपासणीची नोंदवही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "सगळे परत मागव. तूच तपास."

नऊच्या नऊ परत आले. जुन्या नोंदींवर एकेक रेघ मारून मी शेजारी नवे आकडे लिहिले. थर नीट बसायला लागले. तो तंत्रज्ञही कामावर परत आला. मी माफी मागितली, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्हाला कळलं कधी?" मी खरं सांगितलं. त्या सहा दिवसांत त्याच्या घरी काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही, मलाही विचारवलं नाही. आधी आम्ही पाच-सहा जण एकत्र डबा खायचो. आता ते पलीकडच्या टेबलावर बसतात. कुणी वाईट बोलत नाही. मी डबा उघडते, खाते, झाकण लावते.

जव्हारला बाजाराला आलास की डेपोजवळच्या बूथवरून तू फोन करायचास. मी शहरात हॉस्टेलवर राहून हे मोजण्याचं काम शिकत होते, तेव्हा शेवटच्या फोनवर तू आपल्या बोलीत विचारलंस की मी तिथे नक्की मोजते तरी काय. हॉस्टेलच्या मुली मागेच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर आपली बोली बोलायची मला लाज वाटली. मी शुद्ध मराठीत म्हणाले, "तुला नाही कळणार, बाबा." तू "बरा" म्हणालास आणि फोन ठेवलास.

हे पत्र कुठे पाठवणार? तरी लिहिलंय. हा दुसरा कागद आहे. पहिला मी आपल्या बोलीत लिहायला घेतला होता. दोन ओळींच्या पुढे मला शब्द आठवले नाहीत.